पायथ्याची जागा

सरांच्या ओव्हरकोटाच्या डाव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या आणि उजव्या खिशात सुताराकडे असते तशी मोजायची टेप. गोळ्या जिवंत माणसांसाठी आणि टेप मेलेल्यांसाठी, असं ते स्वतःच सांगायचे. जुन्या चर्चमध्ये शिरले की आधी एक गोळी तोंडात टाकायची, मग खाली वाकून जमिनीतल्या एखाद्या झिजलेल्या थडग्यापासून वेदीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि फूट-इंचात वहीत टिपायचं. फुलदाण्या पुसणारी एखादी म्हातारी संशयानं बघायला लागली, तर "मॅडम, मी फक्त शेजार मोजतोय," असं इतक्या अदबीनं म्हणायचे की ती बिचारी पुन्हा फुलदाणीकडे वळायची.

लंडनच्या हॅरोमध्ये मी त्यांच्याकडे तीन वर्षं भाड्यानं राहिले. दोन हजार तीनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर नागपूरहून आले, तेव्हा वेम्बलीला एका किराणा दुकानाच्या दारात गुजराती जाहिरातींच्या गर्दीत एक मराठी चिठ्ठी दिसली. 'खोली देणे आहे. माणूस बघून.' शेवटचे दोन शब्द वाचून खरं तर रागच आला होता. पण दहा दिवसांत मराठी अक्षर दिसलं नव्हतं, म्हणून फोन केला.

दार उघडून ते म्हणाले, "सलाम. आत ये, वारा येतोय."

मी गोंधळले. त्यांना त्याची सवय असावी. "मी नगरचा. ख्रिस्ती. आमच्याकडे सलामच म्हणतात. तू कुठली?"

"नागपूरची."

"बरं. मग आधी बस आणि खा. बोलणं नंतर."

माझ्यासमोर एक उकडलेलं अंडं आणि टोस्ट आला. मी अंडं खात नाही म्हटल्यावर ते विचारात पडले. मग त्यांनी ते अंडं उचलून स्वतः खाल्लं आणि मला आणखी दोन टोस्ट वाढले. "नियम मोडला नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी अंडं टेबलावर यायला पाहिजे, एवढाच नियम आहे. कुणी खायचं ते बाईंनी सांगितलेलं नाही."

या 'बाई' कोण, ते मला पुढे कळलं. घरातले सगळे नियम त्यांचेच होते. ऑक्टोबर ते मार्च कुणालाही खोली सोड म्हणायचं नाही. उशीर होणार असेल तर फोन करायचा. आजारी माणसाचं ताट वर न्यायचं आणि रिकामं झाल्याशिवाय खाली आणायचं नाही. या बाई जाऊन तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण सर सांगायचे ते त्या स्वयंपाकघरात उभ्या असल्यासारखं.

सर बुटके, पाच फूट तीन इंच. "दुष्काळी भागात वाढलेली उंची आहे," म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं इथल्या शाळांत शिकवलं. आधी लॅटिन आणि मग लॅटिन शिकायला कुणी उरलं नाही तेव्हा इतिहास. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा वेळ एकाच विषयाला दिला. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लोक आपल्या माणसांना संतांच्या कबरीशेजारी पुरायचे, तो हा विषय. त्यावर त्यांचं कुठलंही पुस्तक आलं नाही. वह्या मात्र अकरा होत्या.

नव्या भाडेकरूला पहिल्या महिन्यात सेंट अल्बन्सला नेण्याचा त्यांचा रिवाज होता. मलाही नेलं. बसनं आणि मग ट्रेननं. स्टेशनपासून ते माझ्यापुढे तुरुतुरु चालत होते. चर्चच्या बाहेर, उतारावरच्या गवतात उभे राहून त्यांनी पाय आपटला.

"याच्या खाली बघ. रोमन लोकांचं गाव तिकडे खाली होतं, नदीपाशी. मेलेला माणूस गावात ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून मसणवटी बाहेर, इकडे टेकडीवर. आणि मग इथं एक माणूस मारला गेला. आपल्या घरी लपलेल्या पाहुण्याच्या जागी स्वतः गेला, असं सांगतात. मग काय झालं असेल?"

"काय?"

"गर्दी झाली. जो तो म्हणायला लागला, मला त्याच्याशेजारी झोपवा. रोममध्ये तेच, आफ्रिकेत तेच. हुतात्म्याची एक कबर आणि तिच्याभोवती माणसं अशी दाटीवाटीनं, की आधीच्यांच्या भिंती फोडून नंतरचे घुसलेत. ज्याला जागा मिळाली त्याच्या दगडावर अभिमानानं लिहिलेलं असतं, याला संताजवळ जागा मिळाली."

"पण कशासाठी?" मी विचारलं. मला थंडी वाजत होती.

"शेवटच्या दिवशी सगळे उठणार ना! तेव्हा संत आधी उठेल. आपण शेजारी असलो तर निदान त्याच्या कपड्याचं टोक धरता येईल. आपल्या एकट्याच्या बळावर उठू याची कुणाला खात्री असते?" मग त्यांनी मला पेपरमिंट दिलं. "थडग्यावरचा मजकूर घरच्यांनी लिहिलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नये. माणूस कुणाशेजारी झोपलाय ते बघावं. त्यानं कुणावर प्रेम केलं ते तिथं कळतं."

गंमत म्हणजे, सरांचे वडील नगरला मिशनच्या चर्चमध्ये पाळक होते आणि त्यांना संत, त्यांची हाडं, मेणबत्त्या यांचा भयंकर तिटकारा होता. देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी नाही, हे त्यांनी मुलाला छडीनं शिकवलं होतं. सर अजूनही दर रविवारी तसल्याच साध्या, मूर्ती नसलेल्या चर्चमध्ये जायचे. आणि शनिवारी सकाळी कब्रस्तानात, कॅथलिकांच्या भागात, बाईंकडे.

बाई आयरिश होत्या. विधवा. शाळेच्या जेवणघरात वाढपी होत्या. साठच्या दशकात सर इथं शिक्षक होण्याचं शिक्षण घ्यायला आले, तेव्हा खोली मिळेना. फोनवर बोलणं व्हायचं, पत्ता मिळायचा, दारात चेहरा दिसला की खोली नुकतीच गेलेली असायची. असे सतरा दरवाजे झाले. सर आकडा सांगायचे, रस्त्यांची नावंही सांगायचे, पण आवाजात कडवटपणा नसायचा. अठरावं दार बाईंचं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?"

"पोरी, इंग्लंडात येऊन चार महिने झाले होते," सर मला म्हणाले. "हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही. तिनं अंडं उकडलं."

त्या खोलीत ते बावीस वर्षं राहिले. बाईंच्या शेवटच्या आजारपणात ताट त्यांनीच वर नेलं. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीकडून घर रीतसर विकत घेतलं आणि नवी माणसं ठेवायला सुरुवात केली. माझ्याआधी एक घानाचा विद्यार्थी, एक पोलिश सुतार, एक श्रीलंकेची नर्स. टेप त्या सुतारानंच दिलेली.

मला सुरुवातीला हे सगळं विक्षिप्त वाटायचं. ऑफिसात मी मैत्रिणींना सांगायची, "माझा लँडलॉर्ड कबरी मोजतो." सगळ्या हसायच्या, मीही.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात बाबा गेले. सकाळी सहाला भावाचा फोन आला. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायच्या कामासाठी दिलेला होता, त्यामुळे निघायचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, "तू तिथंच राहा बाळा, इथं सगळे आहेत." दुपारपर्यंत सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी भावानं रामटेकला अंबाळ्याच्या तलावात अस्थी विसर्जित केल्या आणि तसा मेसेज पाठवला.

त्या तीन दिवसांत सर माझ्याशी काही बोलले नाहीत. ताट वर आणायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. त्यांची खिचडी म्हणजे पिवळा चिकट भात असायचा. मी थोडा खाल्ला तरी ते उठायचे नाहीत. ताट रिकामं झालं की मगच खाली जायचे.

शनिवारी सकाळी त्यांनी दारावर टकटक केली. "कोट घाल. चल."

आम्ही कब्रस्तानात गेलो. बाईंची कबर एका पायवाटेच्या कडेला होती, राखाडी दगडाची, अगदी साधी. सरांनी बाकावरचं पाणी बाहीनं पुसलं.

"तू काल फोनवर आईला म्हणालीस, बाबांजवळ जाऊन बसायला जागासुद्धा नाही. मी ऐकत नव्हतो, जिन्यात होतो," ते म्हणाले. "इथं बस. तुझ्या बाबांशी बोल. जागा उसनी घे. बाईंची काही हरकत नाही."

"सर, असं चालतं?"

"ऐक. फार पूर्वी एका आईनं आपल्या मुलाला हट्टानं संताशेजारी पुरलं. तिथल्या बिशपला शंका आली, याचा मेलेल्याला काही उपयोग होतो का? त्यानं आपल्याहून जाणत्या बिशपला पत्र घातलं. उत्तर आलं, की जागेनं मेलेल्याचं काही होत नाही. पण आपण आपलं माणूस कुठं ठेवलंय हे आईला आठवतं, आणि आठवलं की ती प्रार्थना करते. उपयोग झाला तर त्या प्रार्थनेचा. म्हणजे जागा आपल्यासाठी असते. मग ती कुणाचीही चालेल."

ते लांब जाऊन एका झाडाखाली पाठमोरे उभे राहिले. मी एका अनोळखी आयरिश बाईच्या कबरीसमोर बसून बाबांना सांगितलं, की मला यायचं होतं. तासभर तरी बसले असेन. त्या तीन दिवसांत मी रडले नव्हते.

त्यानंतर शनिवारी मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की सर तिथंसुद्धा टेप काढतात. बाईंच्या कबरीचा पायथा आणि पायवाट यांच्यामधली जागा मोजतात. दर वेळी उत्तर एकच. सव्वादोन फूट. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा मोजायचे, जसं काही आठवड्याभरात पायवाट सरकली असेल.

"सर, तुम्हाला तिथं—"

"हो," ते पटकन म्हणाले. "पायथ्याशी. शेजारी नको, तो मान नवऱ्याचा. पायथा पुरे."

मार्चमधल्या एका दुपारी ऑफिसात मला फोन आला. तुमचे अंकल कब्रस्तानात कोसळलेत, ॲम्ब्युलन्स आली आहे. मी धावत गेले, तर सर ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर ब्लँकेट पांघरून बसलेले आणि भयंकर ओशाळलेले. ते कोसळले नव्हते. पायथ्याच्या जागेत आपण आडवे मावतो का, हे बघायला ते गवतात झोपले होते. डोळे मिटून, हात छातीवर. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईनं पाहिलं आणि किंचाळली.

"मावलात का?" घरी येताना मी विचारलं.

"आडवा मावतो. पण खणायला चार फूट तरी लागतात."

कब्रस्तान सांभाळणाऱ्या कौन्सिलच्या माणसानंही तेच सांगितलं. भला माणूस होता, आमच्याबरोबर कबरीपर्यंत आला. तो भाग कधीच भरलेला होता, नवी कबर शक्य नव्हती. "पण दहन करून राख पुरायची असेल," तो म्हणाला, "तर फूटभर जागा पुरते. पायथ्याशी सहज होईल. कबरीचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी आणा."

सर त्याला थँक यू म्हणाले आणि टेप खिशात ठेवून घराकडे निघाले.

पुढचे काही आठवडे घर उदास होतं. आमच्याकडे माणूस जाळायचा, यात मला काही विशेष वाटत नव्हतं, त्यामुळे त्यांची अडचण माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. एके दिवशी आम्ही मटार सोलत बसलो होतो.

"माझे आजोबा, वडील, आई, सगळे नगरला मातीत आहेत," ते म्हणाले. "अख्खे. पूर्वेकडे पाय करून. उठायचं तर अंग नको का? जाळून घेतलं तर बाईंजवळ जागा मिळते, पण मग तिथं असतं कोण? मूठभर राख. आणि अंग राखायचं तर मला शहराबाहेरच्या नव्या कब्रस्तानात टाकतील, परक्यांत."

मी दिवसभराची दमलेली होते आणि त्या वाक्यानं मला काहीतरी लागलं.

"सर, माझे बाबा तर अंबाळ्याच्या पाण्यात आहेत," मी म्हटलं. "मूठभर राखसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या देवाला ते सापडायचेच नाहीत का?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग उठून आपल्या खोलीत गेले. मी उरलेले मटार एकटीनं सोलले आणि आपण काय बोलून बसलो म्हणून रडकुंडीला आले.

तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांच्या खोलीतून वह्यांची पानं उलटल्याचा आवाज यायचा. एका सकाळी मी स्टेशनला निघाले, तर ते घरातल्या सपाता घालून माझ्यामागे रस्त्यावर आले.

"सापडतील," ते धापा टाकत म्हणाले.

"काय, सर?"

"तुझे बाबा. थांब, ऐक. फ्रान्समधलं एक गाव आहे, मोठ्या नदीवरचं. तिथं हुतात्म्यांना मारून जाळलं आणि राख मुद्दाम नदीत टाकली. का, तर त्यांना उठता येऊ नये म्हणून! अगदी हेच म्हणाले मारणारे. ही गोष्ट मला चाळीस वर्षं पाठ आहे, मी मुलांना शिकवलीय. आणि पोरी, मी मारणाऱ्यांच्याच बाजूनं विचार करत होतो! जणू नदी देवापेक्षा मोठी आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ज्याला त्या नदीतले सापडतात, त्याला अंबाळ्यातलेही सापडतात. मी तुला त्या दिवशी लगेच हे सांगायला हवं होतं. मला उशीर झाला."

माझी ट्रेन चुकली. आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो आणि माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"म्हणजे मीही सापडेन," ते शेवटी म्हणाले. "फूटभर जागेतसुद्धा."

आता राहिली परवानगी. कबरीचा हक्क बाईंच्या मुलीकडे होता आणि मुलगी कॉव्हेंट्रीला. घराच्या व्यवहारानंतर वीस वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. पत्र लिहा म्हटलं तर सर म्हणाले, असली गोष्ट पत्रानं मागत नाहीत. तू बरोबर चल. आम्ही वेम्बलीहून अर्धा किलो जिलेबी घेतली आणि गेलो.

मुलगी म्हणजे साठी उलटलेली, उंच, खांदे पडलेली बाई. तिनं आम्हाला बसवलं, चहा दिला, जिलेबीच्या डब्याकडे पाहिलं आणि तो तसाच ठेवला. सरांनी आपलं म्हणणं मांडलं. त्यात सुरुवातीचे ख्रिस्ती, आफ्रिका, रोम, सगळं आलं.

"संत?" ती म्हणाली. "माझी आई? ती दिवसाला वीस सिगरेटी ओढायची. पत्त्यांत लबाडी करायची. मला चपलेनं मारायची."

"पत्त्यांतली लबाडी मला माहीत आहे," सर म्हणाले. "बावीस वर्षं हरलोय."

तिला हसू आलं नाही. तिनं कप खाली ठेवला. "ती गेली तेव्हा तिच्याजवळ तू होतास. मी तिची मुलगी. मला तुझा फोन आला तो सगळं संपल्यावर. आणि आता तिच्या पायाशीही तूच?"

मी सरांकडे पाहिलं. ते इतके लहान दिसत होते, की त्यांचे पाय सोफ्यावरून जमिनीला टेकत नव्हते.

"शेवटच्या आठवड्यात मी तुला फोन करायला रोज उठायचो," ते म्हणाले. "ती म्हणायची, करू नकोस. तिची मुलं लहान आहेत, तिला एवढ्या लांबून धावायला लावू नकोस, मी बरी होणार आहे. मी तिचं ऐकलं. त्या घरात तिचं ऐकायचंच अशी मला सवय होती. ते एक ऐकायला नको होतं. तुझ्या हक्काचे सात दिवस मी घेतले. आणि वीस वर्षं तुला तोंड दाखवलं नाही, कारण मला लाज वाटत होती."

मग सर उठले. "जागेचं राहू दे. मी ते आधी बोललो, ही चूक झाली. मी क्षमा मागायला यायला हवं होतं."

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. आम्ही निघालो तेव्हाही वळली नाही. परतीच्या ट्रेनमध्ये सर बाहेर बघत होते. मी त्यांना एक पेपरमिंट दिलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. मला बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल विचारायचं होतं, माझ्या आईलाही कुणी 'तिला कळवू नका' असं सांगितलं होतं का, हे. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि विचारलं. आई म्हणाली, "हो. ते स्वतःच म्हणाले होते." त्यानंतर आम्ही दोघी खूप बोललो.

दोन महिन्यांनी कॉव्हेंट्रीहून एक पोस्टकार्ड आलं. 'कौन्सिलचा फॉर्म सही करून पाठवला आहे. पायथ्याशी डावीकडे. उजवीकडे मी येणार आहे. आणि तिला संत म्हणणं बंद कर.'

सरांनी ते स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं. "डावीकडे," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं. "शेवटची अट मात्र पाळता यायची नाही."

पुढं माझं लग्न झालं, आम्ही एजवेअरला राहायला गेलो. महिन्यातून एकदा तरी मी जायची. नवऱ्याला पहिल्या दिवशी अंडं मिळालं आणि त्यानं खाल्लं, म्हणून तो सरांचा लाडका झाला. दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात त्यांच्या तेव्हाच्या भाडेकरूचा, एका नायजेरियन मुलीचा, फोन आला. सकाळी चहाचं पाणी ठेवून सर खुर्चीत बसले होते. पाणी आटलं, ते उठले नाहीत.

त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात. दहन. रविवारच्या चर्चमध्ये साधी उपासना. आणि शेवटी, 'राख माझी जुनी नागपूरची भाडेकरू नेईल. तिची एकदा न्यायची राहून गेली आहे.'

नवरा म्हणाला गाडीनं सोडतो. मी नको म्हटलं. मी बसनं गेले, डबा मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी धरून. एवढासा डबा इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. वाटेत मी एकदाही हात काढला नाही.

कब्रस्तानात पाच माणसं होती. कौन्सिलचा तोच माणूस, त्यानं पायथ्याशी डावीकडे फूटभर खड्डा खणून ठेवला होता. बाईंच्या चर्चचा तरुण फादर. नायजेरियन मुलगी. मी. आणि कॉव्हेंट्रीहून काठी टेकत आलेली बाईंची मुलगी. फादरनं प्रार्थना म्हटली. मी गुडघ्यावर बसून डबा खाली ठेवला. माती ओली होती, पहिली मूठ मी टाकली, मग तिनं वाकून दुसरी टाकली.

सरांच्या कागदांबरोबर एक पाकीट होतं, त्यावर 'तिथं वाचायचं' असं लिहिलं होतं. मी ते आधी उघडलं नव्हतं. मला वाटलं, एखादं लॅटिन असेल. आत मराठीत चारच ओळी होत्या. मी त्या मोठ्यानं वाचल्या.

'बाई, मी आलोय. उठू नका. मला फार जागा लागत नाही. तुमची मुलगी बरी आहे.'

मग कॉव्हेंट्रीच्या बाईनं मला विचारलं, काय लिहिलंय. मी एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. शेवटच्या ओळीला तिनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ही त्याची भाषा?" तिनं विचारलं.

"हो."

"बावीस वर्षं आमच्या घरात राहिला," ती म्हणाली. "आम्ही ही कधी ऐकलीच नाही. कुणी त्याला बोल म्हणालंच नाही." ती थोडी पुढे सरकली, त्या ताज्या मातीच्या जवळ. "पुन्हा वाच. इंग्रजीत नको."

मी पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश.